मदत हवी आहे: पाणबुडीविरोधी कामासाठी उभयचर जहाज की हेलिकॉप्टरवाहू?

सागरवेडा: नमस्कार. संरक्षणशास्त्राचे एक टिपण शुक्रवारपर्यंत द्यायचे आहे. पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी फ्रान्सच्या 'मिस्त्राल'सारखे उभयचर (किनाऱ्यावर सैन्य व वाहने उतरवणारे) जहाज घ्यावे की जपानच्या 'ह्यूगा'सारखे हेलिकॉप्टरवाहू, एवढेच ठरवायचे आहे. कृपया थेट उत्तर द्यावे.

बंदरकाठ: नौदल कोणाचे? आणि किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचे कामही त्याच जहाजाने करायचे आहे का?

सागरवेडा: अर्थात भारताचे. मराठी संकेतस्थळावर आणखी कोणाचे विचारणार?

वसईकर: मग दोन्ही नकोत. अरक्कोणमच्या 'राजाली' तळावर पाणबुड्या शोधणारी पी-८आय विमाने आहेत आणि २०२५ मध्ये 'अर्नाळा' ही पाणबुडीविरोधी युद्धनौका दाखल झाली आहे. हे नाव आमच्या किल्ल्याचे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

बंदरकाठ: किल्ल्याचा अभिमान रास्त आहे, परंतु 'अर्नाळा' उथळ पाण्यासाठी बांधलेली असून खोल समुद्रात ताफ्यासोबत फिरणे हे तिचे काम नव्हे. पी-८आय दूरवर जाऊन सोनोबॉय (पाण्यातील आवाज टिपणारी तरंगती यंत्रे) टाकते; हेलिकॉप्टर मात्र एका जागी तरंगत राहून केबलच्या टोकाला बांधलेला सोनार (ध्वनीच्या साहाय्याने पाणबुडी शोधणारे यंत्र) पाण्यातील उष्ण थराच्याही खाली सोडते, आणि त्या थराआड लपलेली पाणबुडी तेथेच ऐकू येऊ शकते. असे एक हेलिकॉप्टर अखंड कामावर ठेवायचे, तर दुसरे वाटेवर, तिसरे इंधन भरत असलेले आणि चौथे दुरुस्तीत, असा हिशेब धरावा लागतो. म्हणूनच हँगर मोठा लागतो. 'मिस्त्राल'वर १६ हेलिकॉप्टरे मावतात हे खरे, पण तिचा वेग सुमारे १९ नॉट आणि 'ह्यूगा'चा ३०. शिवाय 'ह्यूगा'ला स्वतःचा सोनार आणि पाणबुडीविरोधी रॉकेटे आहेत. माझे मत 'ह्यूगा'लाच.

जुना_खलाशी: हेलिकॉप्टरांवर एवढा भरवसा नको. १९८२ मध्ये फॉकलंडजवळ ब्रिटिशांकडे दोन विमानवाहू जहाजांवर सी किंग हेलिकॉप्टरे होती, तरीही अर्जेंटिनाची 'सान लुईस' ही पाणबुडी त्यांच्या हाती लागली नाही.

बंदरकाठ: तिच्याही हाती एकही जहाज लागले नाही.

जुना_खलाशी: ते तिचे पाणतीर (टॉर्पेडो) बिघडल्यामुळे, हेलिकॉप्टरांमुळे नव्हे!

कोकणी_माणूस: त्या दोन जहाजांपैकी 'हर्मीस' म्हणजेच आपली 'विराट'. निवतीजवळ तिचे संग्रहालय व्हायचे होते, ते राहिले आणि ती अलंगला तोडली गेली. विषयांतराबद्दल क्षमस्व.

सागरवेडा: वाद पुरे. एक सांगायचे राहिले: टिपणाच्या अटीनुसार जहाज एकच घ्यायचे असून रणगाडे उतरवण्याचे कामही त्यालाच करायचे आहे.

बंदरकाठ: हेच मी पहिल्या प्रतिसादात विचारले होते! 'ह्यूगा'ला डॉकच (रणगाडे किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्या पाण्यात सोडण्याची जागा) नाही, त्यामुळे ती बाद. 'मिस्त्राल' घ्या, परंतु तिच्यासोबत सोनार असलेल्या फ्रिगेटी गृहीत धरल्याचे स्पष्ट लिहा, कारण एकटी फिरली तर ती स्वतःच पाणबुडीचे सावज ठरेल. डेक मोठा म्हणजे शिकारीची सोय झाली असेही मानू नका. २००७ मध्ये दाखल झालेल्या 'जलाश्व' या आपल्या उभयचर जहाजासाठी घेतलेली सहा यूएच-३एच हेलिकॉप्टरे वाहतुकीची होती. आपण २०२० मध्ये मागवलेली पाणबुडीविरोधी एमएच-६०आर हेलिकॉप्टरे अवघी २४ आहेत आणि त्यांच्यावर विमानवाहू जहाजे, विनाशिका व फ्रिगेटी या सर्वांचाच हक्क आहे. त्यांतली किती तुमच्या जहाजाला मिळतील, तेथूनच टिपणाला सुरुवात करा.

वसईकर: आणि 'अर्नाळा'चा निदान उल्लेख तरी करा.