दोघंच, दूरदेशी, बरेच दिवस: तुमचे अनुभव सांगा

गिरगाव

एप्रिलअखेर निघालो आणि जूनच्या पहिल्या पावसात परत आलो. ४८ दिवस पोर्तुगाल. मी आणि हे, दोघंच. ग्रुप नाही, टूर मॅनेजर नाही. माझे गुडघे धड आहेत तोवर एकदा असं जायचं, हे यांच्या निवृत्तीच्या दिवशीच ठरलं होतं.

पोर्तुगालच का, हे सगळ्यांनी विचारलं. १६६१च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकतो. ती नवरी, ब्रागांझा घराण्याची कॅथरीन, १६३८ साली विला विसोझा नावाच्या लहानशा गावात जन्मली. मला तिचं माहेर बघायचं होतं. गावात पायऱ्या, दारांच्या चौकटी, सगळं संगमरवरी, कारण खाणी तिथेच आहेत. राजवाड्याची लांबच लांब दर्शनी भिंतही संगमरवराची. जिच्या लग्नात आमचं गाव दिलं गेलं, तिने ते कधी डोळ्यांनी पाहिलंही नाही. त्या पटांगणात मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

लिस्बनमध्ये आठवडाभर, मग एव्होराला एक खोली घेऊन मुक्काम केला. एका जागी राहिल्याचा फायदा चौथ्या दिवशी कळला. भाजीवाली ओळखायला लागली. तिच्या पाट्यांवर ‘बटाटा’, ‘कोव्ह’, ‘अननास’. बटाटा, कोबी, अननस! चावी, पगार, घमेलं हे शब्दही तिथलेच. आणि कोथिंबीर! तिकडच्या अलेंतेजो प्रांतात ती मुबलक वापरतात. शिळ्या पावाच्या तुकड्यांवर ठेचलेला लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल, वरून गरम पाणी आणि एक अंडं. असोर्दा म्हणतात त्याला. यांना फोडणीच्या पावाची आठवण आली आणि पुढचे तीन दिवस आम्ही तेच जेवलो.

शिवारात ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात, ती झाडं आहेत. साल सोललेलं खोड तांबूस दिसतं आणि त्यावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिलेला असतो, सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. पुन्हा साल काढायची ती ९ वर्षांनी. हे त्या खोडांवरून हात फिरवत आकडे वाचत चालले होते. ३५ वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं सावकाश चालताना पाहिलं नव्हतं.

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बाकी पुष्कळ शंका आहेत. जे असे दोघंच गेलेत त्यांनी लिहा. कुठे गेलात यापेक्षा दिवस कसे गेले ते वाचायला आवडेल.

मुलुंड

ताई, सावकाश चालण्यावरूनच आमचं जपानमध्ये भांडण झालं. किसो खोऱ्यात मागोमे ते त्सुमागो ही जुन्या नाकासेंदो मार्गावरची ८ किलोमीटरची वाट आहे. एदो (म्हणजे आजचं टोकियो) ते क्योतो या रस्त्यावर ६९ मुक्कामाची ठाणी होती, त्यांतली ही दोन. नवरा ट्रेकवाला, मी नाही. तो पुढे निघून गेला आणि देवदारांमध्ये मी एकटी. त्या वाटेवर अस्वलांना चाहूल लागावी म्हणून जागोजागी घंटा टांगल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याने वाजवायच्या. मला पुढून घंटा ऐकू यायची आणि कळायचं, तो तिथवर पोचला. तिसऱ्या घंटेनंतर मात्र आवाज येईना. घाबरून भराभर गेले, तर तो चौथ्या घंटेपाशी दोरी हातात धरून उभा होता. “तू वाजव,” म्हणाला. रात्री मी त्याला स्पष्ट सांगितलं की मला फार राग आला होता. पुढच्या १६ दिवसांत तो एकदाही पुढे गेला नाही.

शाकाहारी असाल तर जपान अवघड आहे. साध्या दिसणाऱ्या सुपातही वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. बौद्ध मठांतलं शोजिन जेवण मात्र निर्धास्त खा.

बोरिवली

व्हिएतनाममध्ये उलट अनुभव. तिथे शाकाहारी म्हणजे ‘चाय’, उच्चार जवळजवळ आपल्या चहासारखा. बायको शुद्ध शाकाहारी, पहिले दोन दिवस केळ्यांवर काढले. मग ही पाटी ओळखायला शिकलो. चांद्रमासाच्या १ल्या आणि १५व्या तिथीला तिथले अनेक बौद्ध मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी तर चंगळ. ह्युए ते दा नांग प्रवास आगगाडीनेच करा. हाय वान घाटात गाडी समुद्राला चिकटून जाते. समुद्र दिसेल त्या बाजूची खिडकी मिळाली नाही, तर दारापाशी उभे राहा. आपल्याला सवय आहेच.

दादर

आम्ही जॉर्जियात २५ दिवस होतो. सुंदर देश, लोक जीव लावतात. राजम्याचं सारण भरलेली जाड रोटी, लोबियानी, रोज खाल्ली. गेर्गेतीचं चर्च २,१७० मीटरवर, मागे काझबेकचा बर्फाळ डोंगर.

पण मला वेगळंच सांगायचंय. आमची मोठी बॅग तीन दिवस उशिरा आली आणि यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यात होत्या. चूक माझी, मीच त्या तिथे ठेवल्या होत्या. तिबिलिसीच्या औषधाच्या दुकानात आपल्याकडचं ब्रँडचं नाव कुणालाच कळेना. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांनी ‘अम्लोडिपिन’ असं मूळ औषधाचं नाव लिहिलं होतं, म्हणून निभावलं. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि मूळ नावं डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुबईमार्गे जाणार असाल तर अनारसे नेऊ नका, अमिरातीत खसखशीला बंदी आहे.

विलेपार्ले

यजमान मार्चमध्ये निवृत्त होतील. आमचीही फार इच्छा आहे. पण घरी सासूबाई आहेत, वय ८४. गिरगावच्या ताई, तुम्ही घरचं कसं केलंत?

गिरगाव

आमच्या सासूबाईही ८२ वर्षांच्या आहेत. नणंदेने पहिले चार आठवडे घेतले, उरलेले जावेने. दोघींशी सहा महिने आधी बोललो होतो आणि आईंना सगळ्यांत आधी विचारलं होतं. तुम्हीही त्यांनाच आधी विचारा. तिथे दुपारचे ३ वाजले की इथे संध्याकाळचे साडेसात, दिवेलागण झालेली. रोज त्या वेळी आम्ही एव्होराच्या बाजाराजवळच्या बाकावर बसून फोन लावायचो आणि आई कोबीचा भाव विचारायच्या. आम्हाला येऊन महिना झाला. अजूनही साडेसातला त्या चष्मा लावून फोनजवळ येऊन बसतात. मग आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसतो आणि मी त्यांना गिरगावातला कोबीचा भाव सांगते.