मदत हवी आहे: मार्चअखेर वेंगुर्ल्यात दोन दिवस, फक्त खाण्यासाठी

नमस्कार मंडळी,

मार्चच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आईला घेऊन वेंगुर्ल्याला जायचं ठरवतेय. सोबत नवरा आणि आठ वर्षांची लेक. बोटिंग, पाण्यातले खेळ, किल्ले यातलं काहीच नको आहे. खायचंय. तेही सुरमईची तुकडी, वाटीभर रस्सा आणि दोन चपात्या असं किनाऱ्यावर सगळीकडे सारखंच मिळणारं ताट नको. वेंगुर्ल्याच्या घराघरांत जे शिजतं, ते हवंय.

आईचं माहेर तिथलं. आता घर राहिलेलं नाही आणि नात्यातलंही कोणी तिथे नाही. हक्काने कोणाच्या स्वयंपाकघरात शिरावं अशी जागाच उरली नाही, म्हणून इथे विचारतेय.

आई ठाण्यातही बांगड्याचं तिखलं करते. ओली मिरची नाही, सुकी लाल मिरची वाटून, खोबरं नाही, आमसुलं, हळद, आणि उतरवायच्या जरा आधी ठेचलेली तिरफळं. तिरफळाचा काळा दाणा काढून फक्त साल टाकायची, आणि ती बांगडा, तारली अशा तेलकट माशालाच, हे तिचे नियम. ती म्हणते, इथल्या बर्फातल्या बांगड्याला तिरफळाचा वास नुसता वरवर लागतो. मला तिला एकदा तिथल्या ताज्या बांगड्याचं तिखलं खाऊ घालायचंय, आणि तिने स्वतः न रांधता.

मार्चअखेर का, तर ओले काजूगर. दिवाळीत गेलो तर मासळी भरपूर मिळेल पण काजू नाही. मे महिन्यात आंबे-कोकमं मिळतील पण गर्दी आणि उकाडा आईला सोसणार नाही. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. मार्चअखेर ओला काजू असतो, फणसाची कुयरी असते, बाठ न धरलेल्या कैऱ्या असतात आणि होड्याही समुद्रात जात असतात. माझा हा हिशोब बरोबर आहे का? की काजूसाठी अजून पंधरा दिवस अलीकडे यावं? शिमग्याच्या दिवसांत मात्र नको, गावातली माणसं आपापल्या देवळाच्या गडबडीत असतात.

आता अडचण. आई शनिवारी मासे खात नाही. मारुतीचा वार. सोमवार, गुरुवार, शनिवार तिने आयुष्यभर पाळलेत आणि सहलीसाठी ती ते मोडणार नाही, मोडावेत असं मलाही वाटत नाही. म्हणून मनात असं आहे की शनिवार पूर्ण शाकाहारी आणि रविवार मासळीचा. शनिवारी काजूची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळी, कुयरीची भाजी, आणि जमलं तर खापरोळी. मालवणी जेवण म्हटलं की लोक कोंबडी-वडे नि मासे यापलीकडे जात नाहीत, पण माझ्या मते त्या मुलखाची खरी हुशारी या शाकाहारी ताटात दिसते. हळदीने पिवळ्या झालेल्या गुळाच्या नारळरसात भिजलेली जाड, जाळीदार खापरोळी मी लहानपणी आजीच्या हातची खाल्लीय, त्यानंतर कुठेच दिसली नाही. ती आता कोणी करून देतं का?

दुसरं, नवरा अकोल्याचा. त्याला मासा आवडतो पण काटे काढता येत नाहीत, आणि लेकीचंही तेच. त्या दोघांसाठी काय सांगावं?

शुक्रवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या, शनिवारी सकाळी कुडाळ, पुढे रिक्षा किंवा एसटी. रविवारी रात्री कुडाळहूनच परत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तळमजल्याची खोली हवी. ती बाजाराजवळ घ्यावी की सागरेश्वरच्या किनाऱ्याच्या बाजूला? समुद्र आवडतो, पण मला सकाळी आईला हात धरून मासळी बाजारात न्यायचंय, ते जास्त महत्त्वाचं.

प्रतिसाद: वेंगुर्लेकर

आवशीक घेवन येतास, ह्या बरा केलास.

मार्चअखेर योग्य आहे, अलीकडे यायची गरज नाही. ओले गर बाजारात बायका शेकड्यावर विकायला बसतात. हिरवी बी कापून गर काढताना चीक उडतो आणि हात भाजतात, म्हणून त्या हाताला राख किंवा तेल लावतात. त्यांच्या बोटांकडे बघितलंत तर भावात घासाघीस करावीशी वाटणार नाही. इथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती आता बागांमधून आहेत. सातचा गर मोठा असतो. उसळीला मला अजूनही गावठी लहान गरच आवडतो, पण ती ज्याची त्याची आवड.

खापरोळीसाठी एकच सांगेन: इथे पोचल्यावर मागू नका. तांदूळ-उडीद भिजवून, वाटून पीठ रात्रभर आंबावं लागतं. घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या घरात खोली घ्या आणि गुरुवारीच फोन करून सांगा. हॉटेलच्या छापील यादीत ती सापडणार नाही, पण घरातल्या बाईला विचारलंत तर बहुतेक आनंदाने करतील. शिरवाळ्यांचंही (तांदळाच्या शेवया) तेच. साचा दाबायला दोन माणसं लागतात, त्यामुळे आयत्या वेळी कोणी हो म्हणत नाही.

खोली बाजाराच्या बाजूलाच घ्या. संध्याकाळी रिक्षाने बंदरावर जाऊन या, वाटेत खाडीतलं मानसीश्वराचं देऊळ आहे, आई ओळखतील.

प्रतिसाद: कुडाळवासी

रविवारचं गणित नीट धरा. सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारी घरं इकडे भरपूर, त्यामुळे रविवारी अख्खा गाव मासे घ्यायला उतरतो. भाव चढलेला असतो आणि चांगली मासळी लवकर संपते. सकाळी उशीर करू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली गेली असेल तर मासळी किनाऱ्यावरच मिळते, पण त्या भरवशावर जेवण ठरवू नका.

काट्यांचं म्हणाल तर तुमच्या मिस्टरांना मोरीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, मटण द्या. मोरीला बारीक काटे नसतातच, मधला मऊ कणा तेवढा. वाटप भाजक्या खोबऱ्याचं, सोबत वडे. मुलीला मुडदुशे तळून द्या, मधला काटा उचलला की मांस सुटं होतं, आणि तिखट नको असेल तर नुसत्या हळद-मिठातही छान लागतात. कर्ली मात्र दोघांपासून लांब ठेवा. चवीला एक नंबर, पण काटे काढणं आमच्यासारख्यांनाही जड जातं.

सोलकढी मागताना आगळाची (कोकमाचा खारवलेला रस) आणि ताज्या नारळाच्या रसाची का, ते विचारून घ्या. गडद गुलाबी रंग दिसला तर मी ती घेत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. मुडदुशांचं नाव ऐकल्याबरोबर तिने बाळंतपणातल्या पथ्याच्या आमटीपर्यंत सगळं सांगितलं आणि मोरी शिजवताना घरात किती वास सुटतो तेही.

आता असं ठरतंय: आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं, त्या दिवशी सकाळीच तिकीट काढायचं, खालच्या बर्थसाठी. बाजाराजवळ घरगुती खोली. गुरुवारी फोन करून खापरोळी. शनिवारी दुपारी उसळ, सांबार, आंबोळी. रविवारी सकाळी बाजार, आणि बांगडे आईच्या नजरेखाली निवडून त्याच घरी तिखल्याला द्यायचे. मासळी आपण आणली तर रांधण्याचे पैसे वेगळे घेतात, असं गृहीत धरतेय.

रविवारी दुपारनंतर गाडीच्या वेळेपर्यंत हातात बराच वेळ उरतो. आईला आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड वाहायचाय आणि तिथून शिरोडा जवळच. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातली तीच मिठागरं. मार्चमध्ये मीठ काढणं चालू असतं, तर घरच्या कैऱ्या खारवायला तिथलं खडे मीठ न्यायचंय. मिठागरावर दोन-चार किलो किरकोळ देतात का, की शिरोड्याच्या बाजारातच घ्यावं लागतं? आणि वेंगुर्ल्याहून आरवली, शिरोडा करून रात्री कुडाळला सोडायला एकच रिक्षा ठरवता येईल का, तेवढं कोणीतरी सांगा.