एकच तारीख, दोन दोन दिवस: तुमच्याकडं कसं असतं? अनुभव लिहा

परभणी
17 सप्टेंबर म्हणजे आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. 1948 ला याच दिवशी निजामाचं सैन्य शरण आलं, देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी आपण सुटलो. रझाकारांच्या भीतीनं आमच्या आजोबांचं घर रातोरात गाव सोडून वऱ्हाडात पाहुण्यांकडं गेलेलं, म्हणून ते 15 ऑगस्टपेक्षा या झेंडावंदनाला जास्त जपायचे, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी आणि सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. आता ही तारीख कधीकधी गणपतीत सापडते, 2015 ला त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि 2024 ला अनंत चतुर्दशी. त्या वर्षी सकाळी झेंडा झाला, दुपारून मिरवणूक निघाली आणि संध्याकाळी पोरांना आज काय होतं विचारलं तर सगळे म्हणाले विसर्जन. मला ते लई लागलं. तुमच्या घरी, गावात असे दिवस कसे पाळतात ते सविस्तर लिहा.

छत्रपती संभाजीनगर
आमच्याकडं 14 जानेवारी. बाकीच्यांची संक्रांत, आमचा नामविस्तार दिन. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि प्रत्यक्ष नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं, मधल्या काळात वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. म्हणून आई सकाळीच विद्यापीठ गेटला जाते, पांढरी साडी, हातात फुलं, गेटच्या पायरीला कपाळ टेकवते आणि मग पुस्तकांच्या स्टॉलवर तासभर. घरी परत आल्यावर शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन येतात, आई त्यांना गेटवरून आणलेलं पुस्तक दाखवते, दोघी चहा पितात. मला विचाराल तर दोन्ही दिवस नीट साजरे होतात आमच्या गल्लीत. पानिपतही याच तारखेचं, 1761 चं, पण त्याची आठवण आमच्याकडं फक्त इतिहासाच्या सरांनी काढली.

औसा
लिहू का नको असं झालं होतं. 1993 ला 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची घरं, जाड भिंती, वर मातीचं माळवद, ते सगळं झोपेतल्या माणसांवर आलं. हजारो गेले. माझी आत्या त्यात गेली. तिच्या अंगावर मिरवणुकीत नेसलेलं लुगडंच होतं, असं वडील सांगतात, आणि सांगताना दरवेळी तिथंच थांबतात. तिथी पुढंमागं सरकते म्हणून आता दोन दिवस वेगळे पडतात, पण आमच्या घरी गणपती बुडवून आलं की त्या रात्री कुणी लवकर झोपत नाही, अंगणात बाजा टाकून बसतो. लहान पोरांना आम्ही कारण सांगितलंय, लपवलं नाही.

बीड
1 मे. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि झेडपीच्या शाळेचा निकाल, तिन्ही एकाच सकाळी. आईबाप ऊस तोडून तोवर कारखान्यावरून गावी आलेले असायचे म्हणून निकाल घ्यायला बाप स्वतः यायचा. कामगार दिन हा कोयत्यावाल्यांचापण असतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, शाळेत कुणी सांगितलंच नाही. सांगायला पाहिजे होतं.

वाळूज
17 सप्टेंबरला कंपनीत बिहारचे कामगार विश्वकर्मा पूजा करतात, मशीनला हार, लाडूचा प्रसाद. आपल्याकडच्या सुतार लोकांची विश्वकर्मा जयंती माघात असते, म्हणून आधी मला नवल वाटायचं. आमच्या शिफ्टला आम्ही आधी मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं उभे राहतो मग पूजा, ते पोरंही आमच्यासोबत उभी राहतात.

उदगीर
आमची मावशी बिदरला दिलेली. तीही निजामाचीच हद्द, त्यामुळं 17 सप्टेंबरला तिच्याकडंपण झेंडावंदन, फक्त 2019 पासून तिकडं त्याला कल्याण कर्नाटक उत्सव म्हणतात. सकाळी आधी तिचा फोन येतो, तुमचा झेंडा झाला का म्हणून. परभणीवाल्या ताई, पोरांना आजोबांची ती वऱ्हाडात गेल्याची गोष्ट मिरवणुकीच्या आदल्या रात्री सांगा, आमच्याकडं मावशी फोनवर तेच करते आणि पोरं ऐकतात.