बोर्डवॉकवरून आणलेले हर्मिट क्रॅब: तारेचा पिंजरा चालेल का?

ओहोटी_एनजे
मुलांनी जर्सी शोअरच्या (न्यू जर्सीचा समुद्रकिनारा) बोर्डवॉकवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या दुकानांच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून, दोन हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) आणलेत. पिंजरा घ्या, खेकडा फुकट, अशी योजना होती. पिंजरा तारेचा, तळाशी रंगीत खडे, सोबत एक स्पंज आणि खाण्याच्या गोळ्या. दोघांच्याही शंखांवर रंग मारलाय. दुकानदार म्हणे, स्पंज ओला ठेवा, बास. घरात एसी दिवसभर चालू असतो. एक खेकडा नीट फिरतोय. दुसरा हलत नाही, पाय बाहेर लोंबतायत. आधी काय करू?

खारफुटी
आधी पिंजरा बदला. हे राहतात जमिनीवर, पण श्वास कल्ल्यांनीच घेतात, आणि त्यासाठी कल्ले ओलसर राहावे लागतात. हवेत 75 ते 85 टक्के आर्द्रता हवी, तापमान 75 ते 85 फॅरनहाइट. तारेच्या पिंजऱ्यात, त्यात एसी, आर्द्रता टिकणारच नाही. खेकडा लगेच मरत नाही, कित्येक आठवडे गुदमरत राहतो. म्हणून लोकांना वाटतं की याचं आयुष्यच तेवढं. नीट सांभाळला तर तो 30 वर्षंही जगतो.

20 गॅलनची ‘हाय’ टाकी घ्या (24 × 12 × 16 इंच). वर काचेचं झाकण; ते मिळेपर्यंत क्लिंग फिल्म ताणून लावा. तळाशी पाच भाग प्ले सँड (मुलांच्या खेळायची धुतलेली बारीक वाळू) आणि एक भाग कोको पीट, किमान 6 इंच जाडीचा थर. 50 पौंडांच्या दोन पिशव्या आणा, थोडी वाळू उरेल. टाकी भरल्यावर बरीच जड होते, हलकं टेबल नको. मिश्रण खाऱ्या पाण्याने भिजवा: मुठीत लाडू वळला पाहिजे, पाणी मात्र गळता कामा नये. जास्त झालं तर तळाशी साचून कुजतं आणि कात टाकायला खाली पुरून बसलेला खेकडा त्यात मरतो.

हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवा, आणि तापमान आवरणारा थर्मोस्टॅट लावाच. टाकीखाली ठेवलीत तर तळची वाळू सुकते आणि गाडून घेतलेला खेकडा भाजतो. दिव्याच्या उष्णतेने हवा कोरडी पडते, तो नकोच.

हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) डिजिटल घ्या, पण आधी तपासा. बाटलीच्या बुचात मीठ थोड्या पाण्याने ओलं करून बूच आणि मीटर झिप पिशवीत बंद करा. आठ-दहा तासांनी 75 दिसायला हवेत. 68 दिसले तर तो 7 कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवून वापरा.

शंखशिंपला
पाण्याच्या दोन वाट्या लागतात, एक गोडी, एक खारी. खेकडा पूर्ण बुडेल इतक्या खोल, आणि चढून येता यावं म्हणून आत दगड किंवा जाळी. खाऱ्यासाठी मत्स्यालयाचं मरीन सॉल्ट, लिटरला साधारण 35 ग्रॅम. जेवणातलं मीठ नको, समुद्रातली बाकीची खनिजं त्यात नसतात. स्पंज फेकून द्या, त्यात जिवाणू वाढतात.

गोळ्यांच्या डबीवर एथॉक्सिक्विन (अन्न टिकवायचं रसायन) किंवा कॉपर सल्फेट (मोरचूद) लिहिलेलं असेल तर त्याही फेका. मीठ-मसाला न लावलेला सुका जवळा, खोबरं, अंड्याच्या टरफलाची पूड, समुद्रफेस, गाजर, पपई द्या. जवळा इंडियन स्टोअरमध्ये मिळतो. ओलं अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाका.

ओहोटी_एनजे
नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जाईल ना?

शंखशिंपला
क्लोरीन उडेल, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं जंतुनाशक संयुग) नाही, आणि अनेक गावांच्या पाण्यात तेच असतं. दोन्ही काढणारं डिक्लोरिनेटर घ्या आणि दोन्ही वाट्यांच्या पाण्याला वापरा. वाळू भिजवायलाही तेच पाणी.

कालव_७
लोंबणाऱ्या पायांबद्दल. शंखाजवळ नाक नेऊन पाहा. सडक्या मासळीचा उग्र वास आला तर तो गेलाय. वास नसेल तर ताण आहे किंवा कात टाकायची तयारी. टाकी तयार झाली की दोन्ही वाट्यांजवळ वाळूवर ठेवा आणि हात लावू नका. मुलांनाही सांगा, हातावर घेणं पुढचे काही आठवडे बंद.

वाळूवरच कात टाकायला लागला तर तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली त्याच्यावर उलटी घालून वाळूत रोवा, नाहीतर दुसरा त्याला खाईल. टाकलेली कात उचलू नका, तोच ती खातो. कॅल्शियम त्यातूनच मिळतं. वाळूत गेला तर लहान खेकडा महिनाभर, मोठा दोन-तीन महिनेही वर येत नाही. ‘मेला की काय’ म्हणून उकरणं हे खेकडा मरण्याचं मोठं कारण आहे, कारण नवं कवच तेव्हा मऊ असतं.

रंगीत शंख ओढून काढायला जाऊ नका. खेकडा तुटेल, पण सोडणार नाही. प्रत्येकी चार-पाच बिनरंगाचे शंख ठेवा, पाच मिनिटं उकळून गार केलेले. डावी नांगी मोठी आणि जांभळी असेल तर तो कॅरिबियन जातीचा. त्याला गोल तोंडाचे टर्बो शंख लागतात. तोंडाची रुंदी मोठ्या नांगीएवढी किंवा किंचित जास्त.