शब्दचर्चा : रथाची 'मोगरी' म्हणजे काय? आणि रथाचा दोर हा 'लगाम' आहे का?

कुतूहल : जळगावच्या रामरथोत्सवाच्या बातमीत 'मोगरी लावणारे' असा उल्लेख आला. मोगरी म्हणजे कपडे बडवायचं लाकूड ना? त्याच बातमीत पुढे 'रथ हे शरीर, मन हा सारथी आणि दोर म्हणजे लगाम' असंही लिहिलं आहे. ते बरोबर आहे का?

काष्ठ : शब्द तोच. संस्कृत मुद्गर, प्राकृत मोग्गर, त्यावरून मोगर आणि मोगरी. मूळ अर्थ ठोकायचं लाकूड. (मुद्गर हे एका सुवासिक फुलाचंही नाव, म्हणून मोगरा त्याच घरातला.) जळगावात कार्तिकी एकादशीला रथ निघतो, 1872पासून. तिथे मोगरी म्हणजे चाकाखाली सरकवायचं लाकडी अडण. ब्रेक तेच, सुकाणूही तेच.

सुकाणू कसं? अशा रथाला मोटारीसारखी वळणारी पुढची चाकं नसतात. डाव्या चाकाला मोगरी लावली की ते अडतं, उजवं फिरत राहतं आणि रथ डावीकडे वळतो. मोगरी चाकाच्या अगदी पुढ्यात आणि सरळ बसावी लागते. तिरपी लागली तर चाक तिला बाजूला फेकून पुढे जातं. दोन्ही चाकं अडवायची असताना एकच अडलं तर रथ थांबण्याऐवजी वळतो. आणि ती काढायच्या आधीच माणसांनी दोर ताणून धरला असेल, तर मोगरी निघताच रथ हिसक्याने सुटतो. म्हणून आधी दोर सैल, मग मोगरी बाहेर, मग ओढ.

पदच्छेद : बातमीतलं रूपक चुकलंय. कठोपनिषदात (1.3.3) 'बुद्धिं तु सारथिं विद्धि मनः प्रग्रहमेव च' असं आहे. आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम. पुढच्या श्लोकात इंद्रियं घोडे आणि विषय हे त्यांचे मार्ग. 'मन सारथी' म्हटलं की सगळी उतरंडच उलटते, कारण मनाला आवरणारं कोणी उरत नाही.

दोराला लगाम म्हणणंही पटत नाही. लगाम मागून आवरते, दोर पुढून ओढतो. कामच उलटं.

काष्ठ : पुरीच्या रथांवर हे फार छान दिसतं. जगन्नाथाचा नंदिघोष 16 चाकांचा, बलभद्राचा तालध्वज 14, सुभद्रेचा दर्पदलन 12. लाकडाचे घोडे प्रत्येकी चार: पांढरे, काळे, तांबडे. सारथीही लाकडाचेच: दारुक, मातली, अर्जुन. म्हणजे उपनिषदातलं सगळं सामान रथावर हजर आहे, पण ओढायचं काम माणसांचं. आणि दोरांची नावं बघा : शंखचूड, वासुकी, स्वर्णचूड. वासुकी तर समुद्रमंथनात घुसळायला घेतलेला नागच. तिथली कल्पना लगामीची नाहीच.

रथाचं बांधकाम दरवर्षी अक्षय्य तृतीयेला नव्याने सुरू होतं. शरीर नश्वर म्हणून रथ नवा, असं लोक सांगतात. अर्थ सुंदर आहे, पण एवढं ओझं आणि मोकळ्यावरचं ऊनपाऊस सोसलेलं लाकूड पुढच्या वर्षी भरवशाचं राहत नाही, हेही विसरू नये.

कुतूहल : मग 'रथ हाकला' म्हणायचं की 'ओढला'?

पदच्छेद : उत्सवात ओढतात. हाकायला जनावर लागतं. 'धुरा' हा शब्दही असाच निसटलाय. ती आस नव्हे. धुर म्हणजे जनावराच्या मानेवर येतो तो जुवाचा भाग, म्हणून धुरा 'वाहतात', 'खांद्यावर घेतात'. चाक फिरतं ती आस (संस्कृत अक्ष), आसेभोवतीचा तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि वरची लोखंडी धाव.

काष्ठ : इंग्रजीतला 'जगरनॉट' जगन्नाथावरूनच गेला आणि तिथे त्याचा अर्थ 'काही केल्या न थांबणारं' असा झाला. पुरीत मात्र सूर्यास्तानंतर रथ ओढत नाहीत. रथ जिथे जातात ते गुंडिचा मंदिर जेमतेम तीन किलोमीटरवर, तरी उशीर झाला तर रथ रात्रभर बडदांडावर, म्हणजे तिथल्या हमरस्त्यावर, उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी पोचतो.