काळ्या मातीवर शेडचा कोबा: मुरूम किती, लोखंड किती?

तापीकाठचा_केळीवाला
राम राम मंडळी. रावेर तालुक्यात मळ्यात २० बाय ३० फुटांचं पत्र्याचं शेड टाकायचं आहे. आत ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि खताच्या गोण्या राहतील. पाइपचे आठ कॉलम. एका अंगाला केळीचा बाग, तिथेच ड्रिपचा फिल्टर. माती काळी, उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. ठेकेदार म्हणतो, अर्धा फूट माती काढू, थेट दगडाचं सोलिंग (दगडांचा थर) करू, वर ४ इंच काँक्रीट. भीती वाटत असेल तर लोखंड वाढवू. पण आसपासच्या शेडांचे कोबे (काँक्रीटच्या जमिनी) दोन-तीन पावसाळ्यांत मधोमध फुगलेत. नेमकं काय करावं, माल किती धरावा आणि काम एप्रिलमध्ये काढलं तर चालेल का?

गिरणा_स्ट्रक्चर
भाऊ, हा कोबा ट्रॅक्टरच्या वजनाने फुटत नाही, खालच्या मातीतल्या ओलीने फुटतो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. वर काँक्रीट आलं की मधली माती वाळायची थांबते, ओल साठत जाते आणि मधला भाग वर उचलला जातो. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळते, पावसाळ्यात फुगते. म्हणून लोखंड दुप्पट केलं तरी उपयोग नाही. पैसा मुरुमात घाला.

सोलिंग थेट काळ्या मातीवर अजिबात नको. दगडांच्या पोकळीत पाणी साठतं आणि तेच पाणी मातीला पाजलं जातं.

दीड फूट खोदा, तेही शेडच्या चारी बाजूंनी २ फूट जास्त, म्हणजे २४ बाय ३४. मुरूम एकूण २ फूट भरा, दबल्यानंतरचा. म्हणजे तो जमिनीच्या अर्धा फूट वर येईल. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. नुसतं धुमस (हाताने ठोकायचं वजन) मारून दोन फूट मुरूम कधीच बसत नाही. दबलेला मुरूम १६३० घनफूट होतो, सुटा २० ते २१ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवावा लागेल.

त्यावर १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) ची ३ इंच पीसीसी, म्हणजे बिनलोखंडी काँक्रीट (१५ गोण्या सिमेंट), मग २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडाला फूटभर एकमेकांवर चढवलेला. वर ५ इंच एम-२० दर्जाचं काँक्रीट, म्हणजे १:१.५:३. सिमेंट ५८ ते ६० गोण्या, वाळू सव्वा ब्रास, २० एमएम खडी सव्वादोन ब्रास. लोखंड ८ एमएम, दोन्हीकडून ८ इंचांवर. जोड आणि खुर्च्या (जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) धरून अडीचशे किलो.

साक्री_सेंट्रिंग
वरचं बरोबर, पण मुरूम पाहून घ्या. मुरूम म्हणून पिवळी चिकणमाती टाकली तर सगळी मेहनत पाण्यात. तपासणी घरी होते: मुरूम वाळवून बारीक चाळणीने चाळा, १० ग्रॅम पाण्यात आणि १० ग्रॅम रॉकेलमध्ये, अशा दोन मापाच्या नळ्यांत टाका, ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १२ मिली आणि पाण्यात १५ मिली भरली, तर फुगवटा २५ टक्के. ५० टक्क्यांच्या आत असेल तरच तो मुरूम घ्या. हीच चाचणी शेतातल्या मातीवर करून बघा. फुगवटा १०० टक्क्यांच्या वर गेला तर दोन फुटांऐवजी तीन फूट भराव करा.

दुसरं, कॉलमचं. आमच्याकडे साक्री-धुळ्याला चार-पाच फुटांवर बऱ्याच ठिकाणी कडक मुरूम लागतो, फुटिंग (कॉलमचा पाया) त्यावर बसतं. तापीकाठी गाळाची माती खोलवर आहे, तिथे मुरूम शोधत खोदत राहू नका. हलक्या शेडला ५-६ फुटांवर फुटिंग चालतं. पुढे तिथेच घर बांधायचा विचार असेल तर अंडर-रीम पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) लावा: साडेतीन मीटर खोल, खाली खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगा.

कोबा कॉलमला चिकटवू नका. कॉलमभोवती १२ एमएम थर्मोकोल लावून मोकळा सोडा, नाहीतर कोबा हलला की कॉलमच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघतेच.

केळीची बाजू सर्वांत धोक्याची. तिथे बाराही महिने पाणी आणि समोरची बाजू कोरडी, मग कोबा एका अंगाने उचलतो. शेवटची ओळ दहा फूट मागे घ्या, फिल्टर तिथून हलवा. चारी बाजूंनी ३ फुटांची फरसबंदी बाहेर उतार देऊन करा, पत्र्याचं पाणी पन्हाळीने चारीत सोडा.

तापीकाठचा_केळीवाला
लोखंडाची जाळी कोब्यात खाली ठेवायची की वर? आणि एप्रिलचं काय?

गिरणा_स्ट्रक्चर
वरून २ इंचांवर. इथे जाळीचं काम चिरा आवळून धरायचं, आणि चिरा वरून सुरू होतात. खुर्च्या अडीच-तीन फुटांवर द्या. जाळी खाली अंथरून माल टाकताना आकड्याने वर ओढू म्हणतात, ती तळालाच राहते.

एप्रिल टाळा, नोव्हेंबर-डिसेंबर धरा. पावसाळ्यानंतर माती मध्यम ओलीत असते, भेगा मिटलेल्या असतात. कोरड्या, भेगाळलेल्या मातीवर मुरूम टाकला की पुढच्या पावसात खालची माती पूर्ण फुगते. उन्हाळ्यातच करायचं तर खड्ड्यात पाणी सोडून भेगा मिटू द्या, माती पायाला चिकटेनाशी झाली की मुरूम टाका.

भुसावळ_साइट
उन्हाळ्यात काम काढलंच तर पहाटे चारला माल सुरू करून आठपर्यंत संपवा. मुरूम, खडी आणि कागद आदल्या रात्री गार पाण्याने भिजवा, कागदावर डबकं राहू देऊ नका. गोणीमागे २५ ते २७ लिटर पाणी, वाळूतली ओल त्यातच धरून. मजूर बादलीने अंदाजे ओततो तिथेच एम-२० संपतं, म्हणून बादलीवर खूण करून द्या.

पृष्ठभागावरचं पाणी उडालं की लगेच ओलं गोणपाट, वाट पाहू नका. वारा सुटला तर तासाभरात जाळीदार चिरा दिसतात. कटर त्याच दिवशी लावा, काँक्रीटची कड खडी न उपटता कापली जाऊ लागली की. १० बाय १० चे सहा चौकोन, म्हणजे लांबीत मधोमध एक रेघ आणि रुंदीत दोन, खोली दीड इंच. त्या रेघांखाली जाळीची एक आड एक सळई आधीच तोडून ठेवा, तरच चीर रेघेत बसते.

दुसऱ्या दिवशी चिकणमातीचे वाफे बांधून दोन इंच पाणी उभं करा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल आणि ऊन असेल तर १४ दिवस, मध्ये खंड नको. खताच्या गोण्या १४ दिवसांनी ठेवता येतील, ट्रॅक्टर २८ दिवसांनंतरच आत घ्या. आणि दारात, जिथे चाक चढतं, तिथे कोब्याची कड फूटभर रुंदीत ८ इंच जाड करा. पहिली कड तिथेच तुटते.