गावच्या वाचनालयासाठी समाज-संस्कृतीवरची मासिकं आणि पुस्तकं: कुठली घ्यावीत?

वेदगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी कागल तालुक्यातल्या एका गावात राहते, आमच्या वाचनालयाच्या समितीवर आहे. 'क' वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या, पाच कपाटं. गावातले एक गुरुजी गेल्या वर्षी वारले, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या नावानं १२,००० रुपये दिलेत आणि अट एकच घातलीय की कथा-कादंबऱ्या नकोत, समाज कळेल असं काहीतरी घ्या. गुरुजी स्वतः तसलंच वाचायचे.

आता झालंय असं की समितीत कुणालाच नीट माहीत नाही काय घ्यायचं. एकजण म्हणतो सगळ्या पैशांचे दिवाळी अंक घेऊन टाका, दुसरा म्हणतो दुकानदाराला आकडा सांगा, तो गठ्ठा बांधून देईल. पण गठ्ठ्याचा अनुभव आहे आम्हाला. तीन वर्षांपूर्वी असाच घेतला होता, चाळीस पुस्तकं आली, निम्मी 'यशस्वी व्हा' छापाची, त्यातल्या कितीतरींवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मला हे पुन्हा होऊ द्यायचं नाहीये, गुरुजींच्या नावाचे पैसे आहेत.

वाचणारे तीन प्रकारचे. दुपारी रिटायर्ड माणसं, संध्याकाळी एमपीएससीची पोरं, ती लोकराज्य आणि योजना सोडून कशाला हात लावत नाहीत, आणि गुरुवारी बचत गटाच्या बायका, त्यातल्या बऱ्याच जणींना वाचायला वेळ नाही पण ऐकायला आवडतं. तर मासिकं कुठली चालू करू आणि पुस्तकं कुठली? आणि मुख्य म्हणजे दुकानात उभं राहून पुस्तक चांगलं की नुसतंच जाड हे ओळखायचं कसं?

जुना_ग्रंथपाल
ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आधी तोच घेतो. मी एकतीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात काढली. मागचं कव्हर वाचून पुस्तक घेऊ नका, तिथं सगळीच पुस्तकं थोर असतात. मधलं कुठलंही पान उघडा आणि बघा की लिहिणारा माणूस तिथं स्वतः गेला होता का. गेलेला असेल तर पानावर गावाचं नाव सापडतं, मजुरी किती ते सापडतं, समोरचा माणूस काय बोलला ते त्याच्याच बोलीत सापडतं. न जाता लिहिलेल्या पुस्तकात पाच पानं उलटली तरी 'आजचा समाज', 'आजची पिढी' एवढंच. मग शेवटचं पान बघा, सूची आहे का, आणि आवृत्ती कितवी, कुठल्या साली लिहिलेलं हे कळतंय का. जुनं पुस्तक वाईट नसतं पण वाचणाऱ्याला कळायला पाहिजे की हे ऐंशी सालचं चित्र आहे.

मासिकांचं सांगतो. थोडीच घ्या पण खंड पडू देऊ नका. माझ्या मते दोन नक्की. एक 'साधना' साप्ताहिक, साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं, नरेंद्र दाभोलकर १९९८ पासून शेवटपर्यंत त्याचे संपादक होते. साप्ताहिक असल्यामुळे दर आठवड्याला टेबलावर काहीतरी नवीन येतं आणि दुपारच्या मंडळींना त्याची सवय लागते. दुसरं 'मिळून साऱ्याजणी', विद्या बाळ यांनी १९८९ ला पुण्यात सुरू केलं, त्याआधी त्या 'स्त्री' मासिकात होत्या. तुमच्या गुरुवारच्या बायकांना याचा उपयोग होईल, वाचून दाखवायला सोपं आहे.

वर्गणी भरायच्या आधी एक करा, शेवटचा अंक कुठल्या महिन्याचा निघालाय ते बघा. एकदा आम्ही एका मासिकाची तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली, चार अंक आले आणि मासिकच बंद पडलं, पैसे गेले ते गेले. तेव्हापासून मी नव्या मासिकाची एकाच वर्षाची भरायचो. आणि कोल्हापूरला जाणं होईल तेव्हा करवीर नगर वाचन मंदिरात तासभर बसा, १८५० पासूनची संस्था आहे, तिथं बरेच अंक एका ठिकाणी चाळायला मिळतील. फुकट काम आहे, पण दुकानदाराच्या शंभर शिफारशींपेक्षा खरं.

अजून एक, राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून वाचनालयांना पुस्तकं मिळतात, तुमच्याकडे आलेल्यांची दाखल-नोंद आधी तपासा, नाहीतर आहे तेच पुस्तक परत विकत घ्याल.

वैनगंगेचा
गडचिरोलीकडून लिहितोय. मी मिलिंद बोकीलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' सुचवीन. मेंढा (लेखा) आमच्या धानोरा तालुक्यातलं गोंड गाव, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, २००९ ला मिळाला. पण पुस्तकाची खरी मजा जंगलातल्या बांबूवरच्या हक्कात नाहीये, ग्रामसभेत निर्णय बहुमतानं न घेता सगळे तयार होईपर्यंत बोलत बसायचं हे त्या लोकांनी कसं जमवलं त्यात आहे. मी एमपीएससी करणारा आहे आणि तुमच्या पोरांना सांगा की ग्रामसभा, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क हे सगळं क्लासच्या नोट्समधून पाठ केलेलं मी दर वेळी विसरायचो, हे पुस्तक वाचल्यावर नाही विसरलो.

आणि पैसे वाचवायचे असतील तर एक जुना कॉम्प्युटर चालू ठेवा. साधनाचे जुने अंक ऑनलाइन आहेत, 'आजचा सुधारक' हे १९९० साली नागपूरला दि. य. देशपांड्यांनी काढलेलं मासिक आता ऑनलाइनच वाचता येतं, मराठी विश्वकोशही आहे. याला एक रुपया लागत नाही, मग १२,००० छापील पुस्तकांना राहतात.

बाभूळबन
वरची यादी चांगली आहे पण मला एक बोलायचंय आणि मनापासून बोलतेय. समाज कळावा म्हणून आपण पुस्तकं घेतो आणि तो समाज बघणारा दरवेळी वरून बघणाराच असतो. गावावर पुस्तक म्हटलं की सगळे 'गावगाडा' सांगतात, आत्ता कुणीतरी सांगेलच. घ्याच ते. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ ला लिहिलंय, बलुते-आलुते कसे चालायचे, कुणाला किती पेंढ्या मिळायच्या, हे इतकं बारीक दुसरीकडे कुठं मिळत नाही. पण त्यातलं फिरस्त्यांवरचं प्रकरण वाचा. भटक्या जातींकडे आत्रे कसे बघतात, तर कुणब्याच्या खळ्यावर येऊन पडणारं ओझं म्हणून. माणूस महसूल खात्यातला, भटक्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा काळ, त्यामुळे नजर तीच.

म्हणून माझं म्हणणं, 'गावगाडा' घेतला की त्याच्याच शेजारी लक्ष्मण माने यांचं 'उपरा' ठेवा, १९८० चं. कैकाडी घरातला मुलगा गाढवांमागनं गावोगाव फिरतोय, टोपल्या विकतोय, आणि तेच खळं, तोच पाटील, तीच शाळा आता त्याच्या बाजूनं दिसते. दोन्ही एका महिन्यात वाचली तर पंधरा पुस्तकांचं काम होतं. माझ्या वडिलांना मी असंच दिलं होतं. 'गावगाडा' वाचताना ते खूश होते, अगदी आमच्या आज्जाचं गाव आहे म्हणायचे, आणि 'उपरा' संपल्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आपल्या खळ्यावर यायचे ते लोक, मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही.

बायकांसाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला', १९८९ चं. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन घेतलेल्या मुलाखती. ग्रंथपालसर म्हणाले ना, तिथं गेला होता का बघा, ह्या दोघी खरंच गेल्या होत्या, आणि नसत्या गेल्या तर त्यातल्या कितीतरी जणींची नावंसुद्धा आज आपल्याला माहीत नसती. एकेक मुलाखत सुटी वाचता येते, गुरुवारी मोठ्यानं वाचायला अगदी बरोबर.

जुना_ग्रंथपाल
बाभूळबन ताई, हे जोडीनं पुस्तकं ठेवायचं मला एकतीस वर्षांत सुचलं नाही. आम्ही कपाटं विषयवार लावायचो, आत्मचरित्र एका खोलीत आणि समाजशास्त्र दुसऱ्या, त्यामुळे ही दोन पुस्तकं आमच्याकडे कधी शेजारी आलीच नाहीत.

वेदगंगाकाठ
सगळ्यांचे आभार, मी वहीत उतरवून घेतेय. एक शंका, 'गावगाडा'ची भाषा जड आहे का? आणि आमच्याकडे धनगर समाज बराच आहे, पोरं विचारतात की आमच्यावर कोणी लिहिलंय का. मला उत्तर देता आलं नाही.

माळावरचा
ताई, तुमच्या शंकेला मीच उत्तर देतो कारण मी हातकणंगल्याचा, धनगर आहे. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' घ्या, १९८४ चं आहे, साहित्य अकादमी मिळालेलं. मी कॉलेजात असताना ग्रंथालयात सहज काढलं आणि त्यात पट्टणकोडोलीचं नाव बघून उभाच राहिलो. आमच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं, फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे पुढच्या वर्षाचं भाकीत, ऐकायला कर्नाटकातनं, कुठनं कुठनं माणसं येतात. आम्ही लहानपणापासून विठ्ठल-बिरदेव म्हणतो पण पंढरपूरचा तो वेगळा आणि आमचा वेगळा असंच डोक्यात होतं. ढेऱ्यांनी दाखवलंय की विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवापर्यंत जातं आणि विठ्ठल-बीरप्पा (म्हणजे आमचा बिरदेव) ही जोडी त्याचाच धागा. मला त्या दिवशी काय वाटलं ते लिहिता येत नाही. आमच्या देवाबद्दल एवढा मोठा माणूस एवढ्या आदरानं लिहितो हे मी पहिल्यांदा बघितलं.

पण पुस्तक जड आहे, संस्कृत आहे, शिलालेख आहेत, पोरांना सगळं वाचा म्हणू नका, धनगरांच्या विठ्ठलाचं प्रकरण तेवढं आधी द्या, बाकीचं ती स्वतः वाचतील किंवा नाही वाचणार.

'गावगाडा'ची भाषा जुनी आहे पण शब्द गावचेच आहेत, शहरातल्या माणसाला अडतील, तुमच्या दुपारच्या मंडळींना नाही अडणार.

पंढरपूरचा विषय निघालाय तर इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेखही मिळवा, त्या स्वतः वारीत चालल्या, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठ्यांची जेवणं वेगळी होतात ह्याचं त्यांना किती लागलं ते त्यांनी सरळ लिहिलंय. दहाएक पानं असतील.

वेदगंगाकाठ
महिन्याभरानं लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल माफी. आधी थोडीच घ्यायची ठरवलं. साधना आणि मिळून साऱ्याजणी दोन्हीची एकेक वर्षाची वर्गणी भरली. 'गावगाडा', 'उपरा', मेंढा गावाचं, ढेऱ्यांचं, 'आम्हीही इतिहास घडवला' ही घेतली, 'उपरा'च्या दोन प्रती. अजून निम्म्याच्या वर पैसे शिल्लक आहेत, ते दिवाळीनंतर वाचणाऱ्यांना विचारून खर्च करायचे असं समितीत ठरलं. विठ्ठलाचं पुस्तक पहिल्याच दिवशी एका पोरानं नेलंय, अजून आणून दिलेलं नाही, मी मागितलं पण नाही.

अजून एक झालं ते सांगते. माझ्या मावसभावाकडे अनिल अवचटांचं एक जुनं पुस्तक होतं, त्यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लिहिलंय तो लेख त्यात होता. निपाणी आमच्यापासून जवळच, म्हणून गुरुवारी तोच वाचायला घेतला. दोन-तीन पानं झाली असतील, मागं बसलेल्या एक मावशी उठून पुढं आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी लग्नाआधी सहा वर्षं वखारीत काम केलेलं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी वाचायचं थांबले आणि त्याच सांगायला लागल्या, नाकातोंडाला पदर कसा गच्च बांधायचा, तरी घरी आल्यावर धुतलेल्या पाण्याचा रंग कसा असायचा, तान्हं पोर घेऊन येणारी बाई त्याला कुठं झोपवायची. पाऊण तास बोलल्या. शेवटी विचारलं, हे लिवणारा माणूस आला हुता का आमच्याकडं? मी म्हटलं आले होते. त्या म्हणाल्या, मग म्होरं वाच.

पुढच्या गुरुवारी लेख संपला. आता त्यांनीच विचारलंय की ऊसतोडणीच्या बायकांवर असं कुणी जाऊन लिहिलंय का, त्यांची सून त्या टोळीत जाते. मुकादम, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), कोयता हे सगळं आतून माहीत असलेल्या माणसानं लिहिलेलं पाहिजे. मराठीत, आणि मोठ्यानं वाचता येईल असं. कुणाला माहीत असेल तर सांगा. जुन्या अंकातला सुटा लेख असला तरी चालेल, कोल्हापूर-सांगलीत कुणाकडे असेल तर मी स्वतः येऊन झेरॉक्स काढून नेईन.